सागाच्या पानाची जाळी

प्रिय गड्या,

फोनवर सांगणार होतो, पण तिथं घाईघाईत राहून जातं म्हणून लिहायलाच बसलो. बाबा गेल्यापासून मी ब्रश हातात घेतला नव्हता हे तुला माहीतच आहे. तू दोनदा विचारलंस, मी दोन्ही वेळा विषय बदलला.

परवा सकाळी नागभीडहून घोडाझरीच्या बाजूला पायीच निघालो. बांध्यांमधला धान पिवळा पडतोय, पांदण संपली की साग लागतो, आणि लेका, लांबून वाटलं जंगलाला आग लागून गेली की काय, सगळी पानं तपकिरी! जवळ जाऊन पाहतो तर अळीनं खाल्लेली. ही अळी शिरा सोडते, मधलं मऊ तेवढंच खाते. एक पान तोडून उन्हात धरलं, चांगलं हातभर लांब, मधली जाड शीर, तिच्यातून फुटलेल्या तिरप्या शिरा, त्यांना जोडणाऱ्या आडव्या आणि त्यांच्याही आत केसाएवढी बारीक जाळी, सगळं शाबूत. देठाजवळ बोटभर हिरवं उरलेलं आणि तिथंच ती हिरवट अळी अजून खात होती. मी किती वेळ उभा होतो काय माहीत.

आपण शाळेपासून पान काढायचं म्हणजे आधी बाहेरची रेघ, मग आत हिरवा रंग. या पानाला कडच उरली नव्हती, तरी लांबून कोणीही सांगेल की साग आहे. मग मी पळसाकडेही गेलो. पळसाला पानं तीनच म्हणतो आपण, पण कधी नीट पाहिलीस का? मधलं सरळ, बाजूची दोन्ही एका अंगानं फुगलेली, तिरपी. चाळीस वर्षं पत्रावळीवर जेवलो, हे दिसलंच नव्हतं.

येताना सागाचे कोवळे शेंडे आणले. लहानपणी तळहातावर चोळून हात लाल करायचो ना, तसेच पाण्याचे दोन थेंब टाकून वाटीत चुरले, त्याच लाल रसानं रात्री कागदावर नुसत्या शिरा ओढल्या, मधल्या शिरेपासून बाहेर, कड काढलीच नाही. तीन कागद झाले. तिसरा बरा आलाय, खरंच बरा. आईनं पाहिला, काही बोलली नाही, भिंतीला टेकवून ठेवला.

रस वाळल्यावर थोडा विटकरी होतो, तुरटी घालून टिकतो का ते पाहतोय. पिंपळाची पानंही बादलीत भिजत टाकलीत, गर सडून जाळी सुटायला काही आठवडे लागतील. दिवाळीला येशील तेव्हा तुझा तो बारीक शून्य नंबरचा ब्रश घेऊन ये, माझ्याकडच्या सगळ्या ब्रशांचे केस झडलेत.

तुझाच

(वहिनींना नमस्कार, पोराला पापा)