बाबांचा बोर्ड

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काल कामातून उसंत मिळाली म्हणून इथल्या, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत जाऊन आले. बाबा, तिथे रशियन चित्रकार कार्ल ब्र्युलोव्हने १८४८ साली काढलेलं स्वतःचं चित्र आहे. ‘पॉम्पेईचा शेवटचा दिवस’वाला, तोच. ते भिंतभर, आणि हे जेमतेम दोन फूट उंच, तेही पुठ्ठ्यावर.

पीटर्सबर्गला सेंट आयझॅक कॅथेड्रलचा घुमट रंगवता रंगवता तिथल्या गारठ्या-ओलीने त्याची तब्येत ढासळली, हृदयावर आलं. सात महिने घराबाहेर पडणं नाही. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायची मुभा दिली, तसा हा आरशासमोर खुर्ची टाकून बसला आणि दोन तासांत हे चित्र काढलं म्हणतात. डोकं लाल खुर्चीला टेकलेलं, गाल बसलेले, केस विस्कटलेले. कपड्यांवर वेळच घालवलेला नाही, ब्रशचे चार फटकारे मारून मोकळा. सगळा जीव त्या हातात! खुर्चीवरून खाली सोडलेला, लांब बोटांचा, शिरा वर आलेला. गळून गेलाय बिचारा, पण आपण चुकचुकावं अशी त्याची अजिबात इच्छा दिसत नाही. उलट तोच आपल्याला जोखतोय.

आई, परवा फोनवर तू कुरकुरत होतीस ना, की हे उठून बसले नाहीत तोच चित्रांचा बोर्ड मागतात! म्हणून एवढं लिहिलं.

पुढचंही सांगते, नाहीतर बाबा शोधून काढतीलच. १८४९ साली तो हवापालटासाठी मदेरा बेटावर गेला, मग इटलीत राहिला आणि १८५२ मध्ये रोमजवळ वारला. घुमटाचं उरलेलं काम बासिन नावाच्या चित्रकाराने पुरं केलं. पण मृत्यूच्या आदल्याच वर्षी त्याने लांची नावाच्या वृद्ध पुरातत्त्वज्ञाचं चित्र काढलं. तेही याच गॅलरीचं. म्हातारा काय तजेलदार उतरलाय! आजाऱ्याच्या हातचं आहे असं कुणी म्हणणार नाही. मला विचाराल तर ते मला या चित्राहूनही आवडलं.

तेव्हा आई, बोर्ड दे त्यांना. तेलरंग नकोत, टर्पेंटाइनने खोकला उसळतो. पेन्सिल पुरे, आणि तासाभराने सरळ काढून घे. गोळ्या संपायच्या आत कळव.

बाबा, स्वतःचं चित्र काढणार असाल तर दाढी तेवढी करू नका. आईने कितीही दटावलं तरी.

तुमची,
धाकटी