आपलं पुष्पक चाललंय

सुध्या,

दिवाळीत तू फोन उचलला नाहीस म्हणून मीही रुसून बसलो होतो, पण हे तुला नाही सांगणार तर कुणाला. ऑफिसात एक्स्पोर्टची एक फाइल आलीय आणि त्यात आपलं पुष्पक आहे. हो, तेच, जुहूच्या फ्लाइंग क्लबच्या शेडमधलं विमान. मी आपला लाइट एअरक्राफ्ट, नॉन-फ्लाइंग वगैरे वाचत पानं उलटत होतो, आणि फोटोत उजव्या दाराला ती कपाटाची कडी दिसली. आपल्याला उडायला शिकवणाऱ्या सरांनी लावलेली. पुढचा अर्धा तास काही काम झालं नाही.

इंग्लंडमधलं एक छोटं म्युझियम घेतंय. १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं एचएएलचं, म्हणजे आपल्या सरकारी विमान कारखान्याचं विमान, फ्लाइंग क्लबातल्या पोरांना शिकवायला बनवलेलं, ते त्यांना हवंय, आणि आपल्याकडे त्याच्या पंखाखाली स्कूटरी लावायचे. आधी चिडलो. मग म्हटलं, इथे ठेवून काय होतं ते पाहिलंय ना आपण, अख्खी जुनी विक्रांत युद्धनौका म्युझियम म्हणून उभी होती, २०१४ मध्ये मुंबईत दारूखान्याच्या जहाजतोडणी यार्डात तोडली. आणि कायद्याने अडवावं तर पुराण वस्तू ठरायला शंभर वर्षं लागतात, म्हणजे एचएएलचं कुठलंच विमान त्यात बसत नाही.

पॅकिंगवाला काय म्हणाला असेल? "साहेब, पंख कापू, तिकडे वेल्डिंग करतील." वेल्डिंग! कापडी पंखाला! त्याला समोर उभं करून एकेक बोल्ट काढायला लावला, प्रत्येकाला टॅग. कंटेनरचं दार जेमतेम २.३४ मीटर, त्यामुळे शेपटीकडचे आडवे पंखही उतरवले. पेट्रोलची टाकी रिकामी करून सुकवली, लाकडी क्रेटवर कीड मारायला उष्णता दिल्याचा शिक्का, सगळं रीतसर. १९७४ मध्ये आपल्या एअरफोर्सने ब्रिटनला लिबरेटर बॉम्बर विमान भेट दिलं ते उडत गेलं, २०१८ मध्ये तिकडून परशुराम नावाचं जुनं डकोटा विमान आलं तेही उडत, आणि आपलं बिचारं न्हावाशेवाहून खोक्यात.

असो. खरी भानगड वेगळीच आहे. तिकडे ते कस्टम्सच्या ९७०५ या कोडखाली, म्हणजे ऐतिहासिक संग्रहाची वस्तू म्हणून उतरवायचंय, तसं झालं तर ड्युटी नाही आणि व्हॅट ५ टक्के. साधं विमान धरलं तर व्हॅट २० टक्के, आणि त्या म्युझियमचं बजेट आपल्या गल्लीतल्या गणेश मंडळाएवढं. ऐतिहासिक म्हणायचं तर कागद हवेत, हे विमान कुठे उडालं, कोण शिकलं. क्लबवाले म्हणतात लॉगबुकं, उड्डाणांच्या नोंदवह्या, गहाळ.

गहाळ कसली, तुझ्या माळ्यावर आहेत. "रद्दीत जातील" म्हणून पिशवीत घालून नेलीस तेव्हा मी तुला चोर म्हणालो होतो, त्यावरून आपलं किती वाजलं होतं. आजही सांगतो, रद्दीबिद्दी काही नाही, त्यात तुझ्या त्या लँडिंगची एंट्री आहे, अंडरकॅरेज, चाकांचा सांगाडा, वाकवलंस ती, आणि बाबांच्या हाती लागू नये म्हणून उचललीस. पण उचललीस म्हणून वाचली हे मान्य, आता खूश?

मला व्हॅटपेक्षा दुसरंच खातंय. लॉगबुकं नाही गेली तरी ते कसंबसं जाईल, पैसे भरतील, पण मग पाटीवर नुसतं नाव आणि नंबर येणार. सरांचं नाव कुठेच नाही. ज्या माणसाने इतक्या पोरांना एकट्याने आकाशात सोडलं त्याची सही फक्त तुझ्याकडच्या पानांवर आहे, आणि ती तू कुणाला देणार नाहीस हे मला माहितीये, मीही दिली नसती. पण दे रे. आधी पान न् पान स्कॅन करून घे, लँडिंगचं पान तुला फ्रेम करून देतो.

तब्येत बरी, शुगर आहेच. प्रज्ञाच्या ॲडमिशनचं काय झालं? वहिनींना नमस्कार सांग, मावशींचा गुडघा कसाय ते कळव. नाशिकच्या कुरियरवर विश्वास ठेवू नकोस, शनिवारी पंचवटीने तूच घेऊन ये. कंटेनर भरायचं काम सोमवारी आहे, क्रेटवर अजून झाकण ठोकलेलं नाही.

तुझा,
पक्या