पाच टक्के वजन उतरलं तरी पुष्कळ झालं

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

वजन घटवण्याच्या जाहिरातींत आणि आरोग्य पुरवण्यांतल्या ‘आधी-नंतर’ छायाचित्रांत जागा मिळते ती 20-25 किलो उतरवलेल्यांना. चार किलो उतरवलेल्या माणसाचा फोटो कोण छापणार? पण मधुमेह आणि फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये चरबी साठणं) यांच्या दृष्टीने पाहिलं तर सगळ्यात मोलाचे किलो हे पहिले चारच असतात. एवढी एक गोष्ट वाचकांपर्यंत पोहोचावी म्हणून हे पत्र.

समजा, उंची 160 सेंटिमीटर आणि वजन 84 किलो आहे. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, जवळपास 33. तक्त्यातल्या ‘आदर्श’ वजनाला यायचं तर 25 किलो उतरवायला हवेत. हा आकडा ऐकूनच अनेक जण सुरुवात करत नाहीत, किंवा केली तरी तीन महिन्यांत चारच किलो उतरले म्हणून सोडून देतात. चार किलो म्हणजे सुमारे 5 टक्के. बीएमआय अजून 31च्या वरच, म्हणजे कागदावर लठ्ठपणा कायम. शरीराच्या आत मात्र एव्हाना बरंच काही बदललेलं असतं.

अमेरिकेत सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. सॅम्युएल क्लाइन यांच्या गटाने हे नीट मोजलं आणि 2016 साली प्रसिद्ध केलं. लठ्ठ पण मधुमेह नसलेल्या 40 जणांपैकी काहींचं वजन आहे तसं ठेवलं, बाकीच्यांचं 5 टक्के उतरवलं. त्यातल्या काहींना पुढे सुमारे 11 आणि 16 टक्क्यांपर्यंत नेलं. 5 टक्क्यांवरच लिव्हर, चरबी आणि स्नायू या तिन्ही ठिकाणी इन्सुलिनचा परिणाम सुधारला, लिव्हरमधली चरबी घटली आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं कामही सुधारलं. त्यापुढे वजन उतरत गेलं तशी स्नायूंमध्ये आणखी सुधारणा होत राहिली, पण लिव्हर आणि चरबीच्या बाबतीतला बहुतेक लाभ पहिल्या टप्प्यातच पदरात पडला होता. चरबीतल्या दाहाच्या खुणा मात्र एवढ्याने हलल्या नाहीत, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

असं होण्याचं कारण चरबी कुठून निघते यात आहे. खाणं कमी झालं की शरीर लिव्हरमध्ये आणि आतड्यांभोवती साठलेल्या चरबीला लवकर हात घालतं. लिव्हरमधली चरबी घटली की रात्रभर रक्तात नाहक साखर सोडण्याचा त्याचा उद्योग कमी होतो, म्हणून उपाशीपोटीची साखर आधी सुधारते. मांड्या-दंडांवरची चरबी सावकाश जाते. आरशाला फरक दिसत नाही, रक्ताच्या रिपोर्टला दिसतो.

मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी पुरावा याहून भक्कम आहे. अमेरिकेतल्या 3234 जणांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2002 साली आले, 7 टक्के वजन घट आणि आठवड्याला 150 मिनिटं चालणं एवढंच उद्दिष्ट होतं. सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं; मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत 31 टक्क्यांनी. पुढच्या विश्लेषणात उतरलेल्या दर किलोमागे धोका सुमारे 16 टक्क्यांनी कमी झालेला दिसला. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी 531 भारतीयांवर केलेल्या अभ्यासात तर वजन फारसं हललंच नाही, तरी आहार-व्यायामाने धोका 28.5 टक्क्यांनी उतरला. म्हणून काटा हलला नाही, म्हणजे सगळं वाया गेलं, असं कुणी समजू नये.

आपल्या लोकांनी काट्यापेक्षा इंचटेपवर जास्त विसंबावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय एकच, 22.3, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिनांची 9.1. त्यांनी स्वतःचीच ही तुलना 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर धरतात. पँटचा नंबर म्हणजे घेर नव्हे, कारण पोट सुटलं की पट्टा खाली सरकतो आणि नंबर तोच राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ, या दोहोंच्या मधोमध टेप आडवी, सगळीकडून सारख्या उंचीवर धरा. श्वास सहज बाहेर सोडून मोजा. पोट आत ओढू नका, टेप कपड्यावरून घेऊ नका. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर करा. पहिल्या आठवड्यात उतरलेले दीड-दोन किलो बरेचसे पाण्याचे असतात. त्याने हुरळू नका आणि तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावला म्हणून खचूही नका.

पाच टक्क्यांसाठी कुठलीही पावडर लागत नाही. रोज सुमारे 500 कॅलरी कमी झाल्या तर सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरतो. त्या कुठून काढायच्या? तेलाच्या कॅनपासून सुरुवात करा. चौघांच्या घरात महिन्याला 4 लिटर तेल जात असेल आणि ते अडीच लिटरवर आणलं, तर माणशी रोज सुमारे 100 कॅलरी वाचतात. फोडणी बाटलीने न घालता चमच्याने घालायची आणि महिन्याचं तेल एकदम भरून कॅनवर तारीख लिहायची. नाहीतर हिशेब राहत नाही. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन लहान चमचे साखर, याच्या 160 कॅलरी होतात. उरलेल्या एखादी पोळी, थोडा भात आणि संध्याकाळच्या फरसाणातून निघतात. मात्र पोळी-भात कमी करताना उसळ, डाळ, दही, अंडी, मासे वाढवायला हवेत. नुसतं लंघन केलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि जेवणानंतरची साखर जिरवण्याचं मोठं काम स्नायूच करतात. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर किलोमागे सुमारे 1 ग्रॅम प्रथिनं आणि आठवड्यातून दोनदा उठाबशा किंवा वजनं उचलणं, एवढं हवंच. उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यावर तूप आणि दाण्याचं कूट.

घाई मात्र नको. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरत राहिलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. मधुमेहाची औषधं चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय आहार बदलूच नये. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन तेवढंच ठेवून जेवण निम्मं केलं की साखर एकाएकी खाली जाते. घाम, थरथर, गोंधळ सुरू झाला तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पोळी-भात पूर्ण बंद केला तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. उलट्या आणि धाप लागली की थेट रुग्णालय गाठावं. बीपीच्या गोळ्या चालू असताना उभं राहिल्यावर चक्कर येऊ लागली, तर डोस कमी करण्याची वेळ आली आहे का, ते डॉक्टरांना विचारावं.

पाच टक्क्यांत सगळं साधत नाही, हेही सांगायला हवं. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल एवढ्याने फारसं उतरत नाही, त्यामुळे त्याची गोळी स्वतःहून बंद करू नये. लिव्हरला सूज आली असेल तर 7 ते 10 टक्के उतरवावे लागतात. मधुमेह औषधांविना आटोक्यात आणायचा तर मजल आणखी मोठी आहे: ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत 15 किलो किंवा जास्त उतरवलेल्यांपैकी 86 टक्क्यांना ते साधलं, पाच किलोच्या आत राहिलेल्यांपैकी जेमतेम 7 टक्क्यांना.

आपल्याला एक विनंती. यापुढे वजन उतरवलेल्या कुणाची कहाणी छापाल, तेव्हा फोटोखाली कमरेचा घेर, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी), चालू असलेली औषधं आणि वर्षभरानंतरचं वजन हे चार आकडेही द्यावेत. शेवटचा मिळाला नाही, तर कहाणी वर्षभर थांबवावी.

– मधुमेह व लठ्ठपणा उपचारांत काम करणारे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ, पुणे