साडेतीनची गाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकांनी लिहिलं होतं की आता सगळं मोबाइलवर मिळतं, मग पोरांनी कॉलेजात जाऊन बाकं झिजवण्यात काही राम नाही. पदवी घरबसल्या घ्यावी आणि तेवढ्या वेळात हाताला एखादं काम शिकवावं. वाचून गप्प बसणार होतो. पण माझं झेरॉक्सचं दुकान बेळगावातल्या एका कॉलेजसमोर आहे आणि 2003 पासून मी रोज सकाळी त्या फाटकाकडे तोंड करून शटर उघडतो. मी स्वतः पीयूसीत, म्हणजे अकरावी-बारावीत, गटांगळी खाल्लेला माणूस. वर्गात काय शिकवतात ते मला विचारू नका. फाटकातून आत गेलेलं पोर आणि तीन वर्षांनी बाहेर पडलेलं पोर यांतला फरक मात्र काउंटरवर बसून बघितलाय.

खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्याही पुढची एक मुलगी. नाव-गाव लिहीत नाही. डिग्रीच्या पहिल्या वर्षी ऑगस्टात दुकानात आली. बाहेर धो धो पाऊस, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी ओढणीत गुंडाळलेली. स्कॉलरशिपचा अर्ज भरायचा होता. एसएसपीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, जात-उत्पन्नाच्या दाखल्याचा आरडी नंबर घालावा लागतो. तो नाडकचेरीच्या, म्हणजे महसूल कचेरीच्या, दाखल्यावरच असतो, पण कन्नड मजकुराच्या त्या कागदावर नेमका कुठला नंबर घालायचा हे तिला कळेना आणि विचारायचं धाडस होईना. अर्धा तास नुसती उभी. गर्दी ओसरल्यावर मीच विचारलं, "काय पाहिजे गं बाळ?" तर डोळ्यांत पाणी. कॉलेजच्या ऑफिसात खिडकीवरच्या माणसानं मान वर न करता "नाळे बा" म्हणून सांगितलं होतं. उद्या ये. हे ती तीन दिवस ऐकत होती.

तिला कन्नड येत नव्हतं असं नाही. शाळेत शिकली होती, दहावीला त्यात मार्कही बरे होते. वाचायची, लिहायची. फक्त तोंड उघडायची वेळ कधी आली नव्हती. घर मराठी, शाळा मराठी, देवळातलं भजन मराठी. इंग्रजीचं तर बोलायलाच नको. आपल्या भागातल्या बहुतेक पोरांची गत हीच. तीन भाषा डोक्यात असतात आणि जिभेवर एकच, तीही शहरातल्या पोरांसमोर गावठी ठरेल म्हणून दाबून धरलेली.

तिसऱ्या वर्षी मी बिलाचे पैसे घ्यायला त्याच ऑफिसात गेलो होतो. खिडकीशी तीच उभी. मार्क्सकार्डात नाव चुकलं होतं. आतून पुन्हा तेच, नाळे बा. ही म्हणाली, "एष्ट सल बरबेक्री सर? निन्नेनू बंदिद्दे." किती वेळा यायचं, कालसुद्धा आले होते. व्याकरण कुठं डगमगलं असेल तर असेल, आवाज डगमगला नाही. कागद आत गेला. मागं पहिल्या वर्षाच्या दोन पोरी भेदरून उभ्या होत्या, त्यांचेही कागद हिनंच ओढून घेऊन आत सारले. मग दुकानात येऊन माझ्याशी भांडली. "अंकल, पन्नासच्या वर कॉप्या असल्या की तुम्ही दीड रुपया लावताय की, मग मला दोन का?" मी निमूटपणे पैसे परत दिले.

हे अभ्यासक्रमातून आलेलं नव्हे. बैलहोंगलकडची एक कन्नड मैत्रीण मिळाली, दोघी माझ्याच कट्ट्यावर बसून एकमेकींच्या भाषेची खिल्ली उडवायच्या. एनएसएसचं शिबिर झालं, तिथं अनोळखी गावात दहा दारं ठोठावावी लागली. गॅदरिंगला कुणीतरी आजारी पडलं म्हणून हिच्या हातात माइक आला आणि पहिल्याच वाक्याला ही अडखळली. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी तीच पोरं हिच्याबरोबर चहा पीत होती. चुकीचं बोलावं, चारचौघांत फजिती व्हावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच चारचौघांत यावं लागावं, अशी सोय मोबाइलवर नाही. तिथं फजिती झाली तर पोर खिडकी बंद करतं.

माझा भाचा निपाणीचा. निपाणीला लागून असलेलं अर्जुननगर कागदोपत्री महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात. तिथल्या देवचंद कॉलेजात तो शिकला. शिवाजी विद्यापीठ, सगळं मराठीत, मस्त रमला. नाटकात कामं केली, बोलायला एकदम तयार झाला. नंतर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नोकरीला आला आणि सुपरवायझरशी कन्नडात दोन वाक्यं बोलायची पाळी आली की बेट्याचा घसा कोरडा. मराठी शिक्षणाचा हक्क आपला आहे, 1956 पासून आपण त्यासाठी भांडतोय आणि भांडायलाच पाहिजे. पण मराठी पोराला कन्नड पोराशेजारी बसून जी धिटाई येते, तीही मला हवी आहे. हे आपल्यातल्या काहींना रुचणार नाही. दुकानात बसून मला दिसतं ते हे.

पूर्वी यासाठी आणखी एक शाळा होती, धारवाडची. 2010 साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, त्याआधी आपली कॉलेजं कर्नाटक विद्यापीठाखाली. मार्कांचा काही घोळ झाला की पोरं तीन-चार जण मिळून सकाळची गाडी पकडून धारवाडला जायची, टेबलामागून टेबल फिरायची, रात्री परत यायची. काम व्हायचंच असं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांची चाल वेगळी असायची. आता विद्यापीठ बेळगावजवळच आहे आणि निम्मी कामं ऑनलाइन होतात. सोय झाली, तक्रार नाही.

हजेरीचा 75 टक्क्यांचा नियम हा आमच्या धंद्याचा सुगीचा विषय. शॉर्टेजची यादी लागली की मेडिकल सर्टिफिकेटांच्या झेरॉक्सला रांग. एकदा एका वर्गातल्या नऊ पोरांना एकाच आठवड्यात कावीळ झाली होती. असो.

मुख्य मुद्दा पुढंच आहे. वर जिची गोष्ट सांगितली, तिच्याच गावची आणखी एक मुलगी तिच्याच वर्गात आहे. अभ्यासात हिच्यापेक्षा हुशार, मार्कही जास्त. तीन वर्षं एक दिवस कॉलेज चुकवलेलं नाही. पण अजूनही दुकानात येते ती चिठ्ठीवर लिहून आणते, "3 कॉपी, दोन्ही बाजू." माझ्याकडे न बघता चिठ्ठी सरकवते. ऑफिसातलं काम असेल तर मैत्रिणीला पाठवते.

फरक एवढाच, की पहिलीची मावशी शहरातच, वडगावात राहते आणि दुसऱ्या वर्षापासून ती मावशीकडे राहिली. दुसरीची गाडी साडेतीनला सुटते. ती चुकली की पुढची अंधार पडल्यावर, आणि ती गाडी फाट्यावर सोडते. तिथून गाव दोन-अडीच किलोमीटर, रस्ता झाडीतून. कुठला बाप पाठवेल? तेव्हा तीन वाजले की ती दप्तर आवरते. एनएसएसची मीटिंग चारला. खो-खोचा सराव चारला. वक्तृत्वाची निवड साडेचारला. गॅदरिंगची तालीम तर दिवेलागणीला. नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घेणारे एक सर आहेत, बिचारे फुकट शिकवतात, तेही पाचला. तिला कॉलेजातले सगळे तास मिळाले, त्यानंतरचं कॉलेज मिळालंच नाही.

आणि ही एकटी नाही. माझ्या घड्याळात साडेतीन वाजायला आले की फाटकातून जो लोंढा पळत सुटतो, तो सगळा खेड्यांकडचा. चारनंतर कट्ट्यावर उरतात ती टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळची पोरं. मग गॅदरिंगला बक्षीस कुणाला, जीएस कोण, माइक कुणाच्या हातात, हे वेगळं सांगायला नको. आणि वर आपणच म्हणतो, खेड्यातली पोरं बुजरी.

11 जून 2023 पासून कर्नाटक राज्यात बायकांना सरकारी गाड्यांतून मोफत प्रवास सुरू झाला. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पासाच्या पैशासाठी भावाला पाठवू की बहिणीला, असा हिशेब चाललेली घरं मला ठाऊक आहेत, तो हिशेब बहिणीपुरता संपला. पण तिकीट शून्याचं झालं आणि गाडी तेवढीच राहिली. भरलेली गाडी फाट्यावर थांबत नाही, हे रोजचं.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी अशा गावांतून आपण साहित्य संमेलनं भरवतो. ग्रंथदिंडी काढतो, लेझीम खेळतो. त्या मांडवात सूत्रसंचालनाला उभी राहणारी पोर कुठून तयार होऊन येते याचा कधी विचार केलाय का? वर्षातून एक दिवस मराठीसाठी मांडव घालणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी आणि मंडळांनी वर्षभराच्या एका गाडीसाठीही एकदा निवेदन द्यावं. जांबोटी, नंदगड, उचगाव, येळ्ळूर अशा चार-सहा दिशांना संध्याकाळी सहाच्या सुमारास एकेक गाडी शहरातून सुटली, आणि ती फाट्यावर न सोडता गावात गेली, तर पुरे आहे. सुट्टीच्या दिवसांत नसली तरी चालेल.

गाडी मिळेपर्यंत कॉलेजांनीही एक करावं. जे काही चारनंतर ठेवलं आहे, त्यातलं निम्मं दुपारी बारा ते दोनमध्ये आणावं. त्या वेळात अर्धे वर्ग रिकामे असतात, पोरं माझ्या कट्ट्यावर रील बघत बसलेली असतात. माझा कट्टा ओस पडला तरी चालेल.

परवा ती दुसरी मुलगी बायोडेटाची झेरॉक्स काढायला आली. चिठ्ठी होतीच. मी मुद्दाम चिठ्ठी बाजूला ठेवून विचारलं, "किती कॉप्या, सांग की तोंडानं." तिनं माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला ओठ उघडले, आणि तिची नजर माझ्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. तीन वाजून बावीस मिनिटं. "उद्या येतो अंकल," म्हणाली आणि कॉप्या न घेताच पळाली.

आपला,
एक झेरॉक्स दुकानदार, बेळगाव