पहिल्या रात्रीची टक्केवारी

महोदय,

मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णाचे नातेवाईक अतिदक्षता विभागाबाहेर पहिल्याच रात्री ‘चान्स किती?’ असे विचारतात, आणि उत्तरादाखल मिळालेल्या टक्केवारीवर पुढचे सगळे निर्णय बेततात. त्या टक्केवारीवर किती विसंबावे, याविषयी हे पत्र.

अशा रुग्णाच्या मृत्यूचा धोका गुणांत मोजणारा (गुण जास्त, तितका धोका जास्त) आणि जगभर वापरला जाणारा ‘आयसीएच स्कोअर’ २००१ साली अवघ्या १५२ रुग्णांच्या नोंदींवरून तयार झाला. शुद्धीची पातळी, सीटी स्कॅनवर दिसणारी गुठळी ३० मिलिलिटर वा त्याहून मोठी आहे का, रक्त मेंदूच्या पोकळ्यांत उतरले आहे का, रक्तस्राव लहान मेंदूत किंवा मस्तिष्कस्तंभात आहे का आणि वय ८० किंवा त्याहून अधिक आहे का, यांवर शून्य ते सहा गुण दिले जातात. यांत शुद्धीला सर्वाधिक वजन आहे. ग्लासगो कोमा स्केलवर (शुद्धी मोजण्याच्या ३ ते १५ गुणांच्या पट्टीवर) ३ किंवा ४ भरल्यास एकदम दोन गुण चढतात. (झोपेचे औषध दिलेल्या किंवा नुकतीच फिट येऊन गेलेल्या रुग्णाची शुद्धी मोजताना हे ध्यानात ठेवायलाच हवे.) मूळ अभ्यासात एक गुण असलेल्यांपैकी १३ टक्के, तर तीन गुण असलेल्यांपैकी ७२ टक्के रुग्ण महिनाभरात दगावले.

मात्र, ‘वाचणार नाही’ असे गृहीत धरून ज्यांचे उपचार लवकर आवरते घेतले जातात, त्यांचे मृत्यूही अशा आकडेवारीत मिसळतात. म्हणजे भाकीतच काही अंशी स्वतःला खरे करून दाखवते. म्हणूनच अमेरिकेतील हृदय व पक्षाघात संघटनांची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की केवळ स्कोअरवरून उपचार मर्यादित करू नयेत आणि रुग्णाने आधीच तशी इच्छा नोंदवलेली नसेल, तर असा निर्णय निदान रुग्णालयातला दुसरा पूर्ण दिवस येईपर्यंत लांबणीवर टाकावा. शिवाय पहिल्या काही तासांत अनेकांची गुठळी वाढते, रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास हा धोका अधिकच. तेव्हा पहिला स्कॅन अखेरचा मानता येत नाही.

स्कोअर जगण्याविषयी बोलतो, चालण्या-बोलण्याविषयी फारसे नाही. त्यासाठी रक्तस्रावाची नेमकी जागा आणि आधीची स्मरणशक्ती पाहावी लागते, आणि सुधारणा सहा महिन्यांनंतरही चालू राहू शकते. निव्वळ टक्केवारीऐवजी गुठळीचे आकारमान, जागा आणि दुसऱ्या स्कॅनमधला फरक नातेवाइकांना लेखी मिळावा, एवढीच रुग्णालयांकडून अपेक्षा आहे.

आपला,
एक वाचक