नोकरी शोधणाऱ्या सभासदांसाठी सूचना

माजी विद्यार्थी संघाच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, नोकरीच्या शोधात असलेल्यांनी ‘कुठे काही असेल तर सांगा’ एवढाच निरोप गटावर टाकू नये. कोणत्या कामाचा किती अनुभव आहे, कोणत्या शहरात जाण्याची तयारी आहे आणि रुजू होण्यास किती अवधी लागेल, हे चार ओळींत लिहावे. त्याशिवाय कोणाचे नाव कोठे सुचवावे हे ठरविता येत नाही.

जवळच्या मित्रांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी बहुतेकांना ती खबर अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या व्यक्तीकडून मिळाल्याचे आढळले होते. म्हणून जुने सहकारी, पूर्वीचे वरिष्ठ, कामानिमित्त परिचय झालेले पुरवठादार यांना संकोच न बाळगता फोन करावा. मात्र थेट नोकरी न मागता प्रथम त्यांच्या क्षेत्रात कोठे भरती चालू आहे, हे विचारावे.

लिंक्डइनवरील ‘ओपन टू वर्क’ ही खूण केवळ भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवता येते. सध्या नोकरीत असलेल्यांनी तोच पर्याय निवडावा, जरी त्यात पूर्ण गोपनीयतेची हमी नसली तरी.

नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणाऱ्या जाहिराती गटावर पाठवू नयेत; पैसे गेलेच असल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. ज्यांचे नाव एखाद्या सभासदाने सुचविले असेल, त्यांनी मुलाखतीचा निकाल काहीही लागला तरी त्या सभासदास तो कळवावा (हा शिष्टाचार अलीकडे फार विसरला जातो).

— कार्यकारिणी