डब्याच्या पिशवीतली टेप

चिपळूण, रविवार दुपार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. व्हॉट्सॅपवर लिहिलं की तू मीटिंगमध्ये अर्धं वाचतेस आणि अंगठा पाठवतेस, म्हणून कागद घेतला. गुरुवारी फोन तू आपटलास की आपोआप कट झाला, ते मी विचारत नाही. तुझ्या आईच्या मते आपटलास.

काल केदाररावांनी सांगितलं. बीपी १५८/९८. ऑफिसच्या तपासणीत निघालं, आणि ‘बाबांना कळवायचं नाही’ अशी तू त्यांना ताकीद दिलीस. या विषयावर एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय. फक्त एवढं सांग, दुसऱ्या दिवशी परत मोजलंस का?

आता गुरुवारचं. तू सिस्टीमच्या स्लाइड्स दाखवल्यास आणि तुझ्या डेअरीचे चेअरमन भर बैठकीत म्हणाले, “मॅडम, सर्व्हरनं दूध वाढलं का?” आणि मी म्हटलं, त्यात त्यांचं काय चुकलं. तुला लागलं ते. पण माझं बोलणं अर्ध्यावर राहिलं होतं, उरलेलं आता ऐक.

मी ८१ साली बँकेत चिकटलो. ८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि बँकांत कॉम्प्युटर येणार हे पक्कं झालं, तेव्हा काळ्या फिती लावून गेटवर घोषणा देणाऱ्यांत मी पुढे होतो. फोटो आहे, मधल्या खोलीतल्या ट्रंकेत. पुढे त्याच माझ्या गळ्यात शाखेची सिस्टीम पडली, कारण प्रिंटरमध्ये अडकलेलं पासबुक न फाडता मला काढता यायचं. पात्रता एवढीच.

आमच्या तेव्हाच्या मॅनेजरांना कॉम्प्युटरचं तोंड बघायचं नव्हतं. पण सहामाही क्लोजिंग त्यांनी जन्मभर भोगलं होतं. सेव्हिंगच्या प्रत्येक खात्याचं लेजरमधलं पान काढायचं, दर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सगळ्यात कमी शिल्लक हुडकायची, तिच्यावर व्याज काढायचं, लाल शाईनं मांडायचं. मग तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची बेरीज जुळवायची. एका वर्षी १ रुपया ३५ पैशांचा डिफरन्स शोधत आम्ही रात्री अडीच वाजेपर्यंत बसलो, वडे दोनदा मागवले, शेवटी सापडला तो कुणीतरी ७ चा १ वाचल्यामुळे झालेल्या गोंधळात. मशीनवर पहिलं क्लोजिंग झालं त्या दिवशी सगळे साडेसहाला घरी. साहेबांनी मशीनची मेमरी किती, वेग किती, काही विचारलं नाही. ओव्हरटाइमचं व्हाउचर सहीला आलंच नाही, तेवढं त्यांना दिसलं. दुसऱ्या मशीनसाठी रिजनल ऑफिसला त्यांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं.

आणि १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेनं सेव्हिंगचं व्याज रोजच्या शिलकेवर द्यायला लावलं. तोवर पैसे १० तारखेच्या आत भरायला लोक धावत यायचे, ११ ला भरले तर त्या महिन्याचं त्यांच्यावरचं व्याज बुडालं. हातानं रोजची शिल्लक धरा म्हणाले असते तर आम्ही अख्ख्या शाखेनं राजीनामे दिले असते. तंत्रज्ञानानं काय दिलं म्हणून कुणी विचारलं तर मी हे सांगतो. काउंटरवरच्या माणसाला त्याच्या हक्काचं व्याज मिळालं.

तुझ्या ४३ स्लाइड्स मी चष्मा लावून सगळ्या वाचल्या. क्लाउड आहे, अपटाइम आहे, एक तर नुसते बाणच आहेत. चेअरमन दोन आकडे बघत मोठे झालेत, टँकरची घट आणि दूध घालणाऱ्यांना द्यायचं दहा दिवसांचं बिल. बल्क कूलरमधून, म्हणजे केंद्रावरच्या थंड टाकीतून, निघालेलं दूध आणि प्लांटला उतरलेलं दूध यात किती फरक पडत होता आणि तुझं काम झाल्यावर किती पडतो, हे पहिल्या पानावर हवं. ते आहे कुठे? स्लाइड ३१, खाली, बारीक अक्षरात! दिवाळीत तू आम्हाला संकलन केंद्रावर नेलंस. तिथले ते आजोबा, कानटोपीवाले. कॅन ओतला, मशीननं फॅट ३.९ दाखवली आणि मेसेज त्यांच्या फोनवर आला. त्यांनी तो आईला वाचायला लावला, मग मला, मग परत आईला. पूर्वी कार्डावर काट्यावरचा पोरगा लिहील ती फॅट, असं म्हणाले. ते आजोबा तुझ्या एकाही स्लाइडवर नाहीत.

बघ, शिकवायला लागलो. तू एवढ्या मोठ्या डेअरीची टेक्नॉलॉजी हेड, पंचवीस माणसं हाताखाली, आणि मी रिटायर्ड बँकवाला. माफ कर. आई म्हणते मी अजून काउंटरवरूनच बोलतो. परवा भाजीवाल्याला मी ‘माझी मुलगी दुधाचं सॉफ्टवेअर बघते’ सांगितलं, त्यानं कोथिंबीर फुकट दिली. का दिली कळलं नाही, पण घेतली.

आता तू ज्या खर्चावरून भांडलीस, तो दुसऱ्या गावातला जादा सर्व्हर. मी फोनवर त्यालाही ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून गेलो. नंतर रात्री झोप लागली नाही. तुला माझी कॅसेट आठवते?

तू चौदा वर्षांची होतीस, कुठली गाणी आहेत त्यात म्हणून विचारायचीस. शाखेचे दिवसभराचे व्यवहार कॉम्प्युटरवरून उतरवून ठेवलेली डॅट टेप होती ती. एक प्रत शाखेत ठेवायची, एक बाहेर, असा नियम. साहेब नियमाला हसायचे. मी रोज संध्याकाळी रिकाम्या डब्याच्या पिशवीत घालून घरी आणायचो. एकदा तिच्यावर आमटी सांडली, तेव्हापासून तुझी आई सकाळी पिशवीत एक जुना रुमाल घालून द्यायची. २६ जुलै २००५, मंगळवार. वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली. शाखा तळमजल्यावर, सर्व्हर तळमजल्यावर, शाखेतल्या टेपा त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर आत चिखल आणि एक मेलेला मासा. सोमवारची टेप आपल्या देवघराच्या वरच्या फळीवर, रुमालात. नवव्या दिवशी दुसरा सर्व्हर आणून ती चढवली आणि सोमवारची तेरीज पैशापैशाला जुळली. मी टेबलाखाली बसून रडलो होतो, हे तुला आज पहिल्यांदा सांगतोय. हेड ऑफिसकडून कौतुकाचं पत्र आलं. साहेबांच्या नावानं.

२२ जुलै २०२१ ला पुन्हा तसंच पाणी आलं. मी रिटायर झालेला, चिखलातून शाखा बघायला गेलो. पार बुडाली होती. पण तोवर शाखा कोअर बँकिंगवर होती, खाती लांब कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये कोरडी. नेटवर्क आल्यावर लोकांनी दुसऱ्या गावच्या शाखांतून पैसे काढले. कुणाला पिशवी लागली नाही.

म्हणून तो सर्व्हर सोडू नकोस. फक्त ‘डिझास्टर रिकव्हरी’ म्हणून मागू नकोस. चेअरमनना विचार, ऐन बिलाच्या दिवशी सिस्टीम बसली आणि बिल चार दिवस लांबलं, तर किती केंद्रचालक दुसऱ्या डेअरीच्या गाडीत दूध ओततील? ते त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एकदा गेलेलं गाव परत आणायला काय पडतं तेही. मग सर्व्हरनं दूध वाढतं का, याचं उत्तर तेच देतील. न दिलं तर नको देऊ देत, तू लेखी ठेव आणि घरी जा.

घरी जा, हे महत्त्वाचं. केदारराव म्हणाले, रात्री दोनला अलर्ट वाजला की तूच उठतेस, टीममधल्या पोरांना झोपू देतेस. माझी पहिली गोळी त्याच २००५ सालची, मी ४६ चा होतो. डॉक्टरांनी विचारलं, टेन्शन कसलं? मी म्हटलं, कसलंच नाही. पाच वर्षं अख्खी शाखा एकट्यानं डब्याच्या पिशवीतून वाहिली, आणि कसलंच नाही. तू अजून ३६ चीही नाहीस. अलर्टची पाळी लाव, आठवड्याला एक माणूस. आणि ते जमेपर्यंत निदान सकाळ-संध्याकाळचं रीडिंग मला पाठव. नुसते आकडे, अंगठा नको.

लिहिणार नाही म्हटलं होतं, जाऊ दे.

इशानला पापा. आत्याच्या डोळ्याचं पुढच्या मंगळवारी आहे, फोन कर.

तुझा,
बाबा

ता. क. पार्सलमध्ये कुळथाचं पीठ आणि आगळ आहे. लोणच्याची बरणी मी मिठामुळे काढून ठेवली होती. आईनं परत टाकलीय.